ओठांतलं बटण

त्याचं खरं आडनाव आता कोणालाच आठवत नव्हतं. नाटक मंडळीत तो कुजबुजे. विंगेच्या अंधारात उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हा त्याचा जन्माचा धंदा. धंदाच कुजबुजण्याचा, म्हणून कुजबुजे. गमतीनं पडलेलं नाव इतकं चिकटलं की एकदा घरी पत्र आलं, तेही 'श्री. कुजबुजे' यांच्या नावानं. बायको म्हणाली, "चला, निदान नाव तरी झालं तुमचं."

मोठ्यानं बोलायची सवय त्याची सुटलीच होती. फोनवर बोलायला लागला की पलीकडचा ओरडायचा, "हॅलो, हॅलो, लाइन खराब आहे!" लाइन ठणठणीत असायची.

पण विंगेत उभा राहिला की गडी राजा होता. नट अडखळणार हे त्याला नटाच्या आधी कळायचं, मानेवरून. सबंध वाक्य तो कधीच द्यायचा नाही. फक्त पहिला शब्द, तोही नट श्वास घेतो त्या फटीत, अलगद, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, नट वाकून नमस्कार करायचे, आणि कुजबुजे अंधारात पान उलटायचा. कंपनीचे मालक, म्हणजे तिचे मुख्य नटही तेच, त्यांना तर त्यानं किती वेळा बुडताना वर काढलं असेल, ते त्या दोघांनाच ठाऊक. मालकांना ठाऊक होतं म्हणूनच ते चारचौघांत त्याची हटकून फजिती करायचे.

कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. आता म्हातारपणी मालकांच्या मनात आलं, एक शेवटचा प्रयोग करायचा. तोच जुना राजाचा खेळ. त्याच्या अखेरच्या प्रवेशात एक नोकर हातात दिवा घेऊन येतो, म्हणतो, "महाराज, वात संपली," आणि राजाचं भाषण संपेपर्यंत भर उजेडात नुसता उभा राहतो. ते काम करणारा नट आता अंथरुणाला खिळलेला. कुजबुज्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. ते काम.

मालक खो खो हसले. "अरे, पण तुझे ओठ हलतात रे! मी इकडे रडतोय आणि मागे हा शेळीसारखा रवंथ करतोय. लोकांनी मला बघायचं की तुला?"

खोटं नव्हतं ते. दुसऱ्याचं वाक्य कानावर आलं की त्याचे ओठ आपोआप चालायचे. सगळे पोट धरून हसले, तसे मालक उदार झाले. "बरं, ऐक. रविवारी टेकडीच्या फेरीला येतोसच. वरच्या बाकापाशी मी भाषण म्हणतो. ओठ हलले नाहीत, तर काम तुझं. हलले, तर तुझी विंग तुला. शब्द दिला."

घरी बायकोनं हातातलं शिवण बाजूला सारलं आणि कंबर कसली. ती घरीच कपडे शिवायची. नोकराचा कोट तिनं त्याच संध्याकाळी बेतला, मापं न घेता. नवऱ्याचे खांदे तिला तोंडपाठ होते. दोन दिवसांत कोट खुंटीला लागला, वरचं एक बटण तेवढं सोडून. ते बटण नवऱ्याच्या ओठांत होतं.

"धरा घट्ट. पडलं की पहिल्यापासून."

ती ओट्याला टेकून राजाचं भाषण म्हणायची, विजेचं बिल वाचावं तसं. समोर स्टुलावर कुजबुजे, ओठांत बटण. सुरुवातीला दर वाक्याला बटण फरशीवर. मग दोन वाक्यांनी. आठवडा सरता सरता भाषण संपलं तरी बटण जागचं हललं नाही.

"अगंबाई, शिवलेच की ओठ!" ती म्हणाली. "हे आधी सुचलं असतं तर आपली निम्मी भांडणं वाचली असती." मग कोटाची बाही उगाच सरळ करत म्हणाली, "बहिणींना पहिल्या रांगेत बसवणार आहे मी. इतकी वर्षं विचारतात, तुझा नवरा नाटकात असतो म्हणतेस, तर दिसत कसा नाही?"

रविवारी सकाळी टेकडीच्या वनउद्यानात मंडळी जमली. फाटकाशी नकाशाचा फलक होता, उन्हानं फिकटलेला. त्यावर लाल रेघेनं काढलेली गोल वाट. रानातून वर चढायचं, माथ्यावर वळसा घ्यायचा आणि पलीकडून उतरत त्याच फाटकाशी यायचं. झाडांच्या बुंध्यांवर निळे बाण रंगवलेले. चुकायची सोयच नव्हती.

पुढे मालक, हातात काठी. त्यांच्या मागे बाई, म्हणजे कंपनीची एके काळची नायिका, अजूनही वळणावर मान वेळावून बघणारी. मग मालकांचे जावई. त्यांचा फरशांचा धंदा, आणि नाटकाशी संबंध मध्यंतरातल्या चहापुरता. सगळ्यात मागे कुजबुजे, खांद्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची पिशवी.

चढ लागला. मुळांच्या पायऱ्या झालेल्या, त्यावर वाळका पाला, पाऊल ठेवलं की सटकणारा. कुजबुज्याचे गुडघे कुरकुरायला लागले.

"कुजबुजे, आहेस ना रे?"

"आहे, मालक."

"ऐकू येत नाही!"

"आहे!"

"याचं ऐकूच येत नाही, आणि याला म्हणे वाक्य पाहिजे!" मालक बाईंना म्हणाले. "वात संपली म्हणेपर्यंत राजा संपायचा."

बाई हसल्या. "अहो, द्या की बिचाऱ्याला. दिवा धरायला काय अक्कल लागते?"

घळीवरच्या लाकडी पुलाशी मालकांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि उरलेली बाटली परत पिशवीत टाकली, झाकण न लावता. कुजबुज्याची पाठ भिजली. त्यानं खिशातलं बटण तेवढं चाचपून बघितलं.

माथ्यावर बाक होता, समोर मोकळा कातळ. धावायला आलेली दोन-चार माणसं तिथं घाम पुसत बसली होती. मालकांना प्रेक्षक दिसले आणि पाठ ताठ झाली. त्यांनी कुजबुज्याला आपल्या मागे उभं केलं. "दिवा धर."

दिवा म्हणून त्यानं बाटली धरली. ओठांत बटण घेतलं.

"महाराज, वात संपली," हे वाक्य बाईंनीच म्हणून टाकलं, परीक्षा ओठांची होती म्हणून.

मालकांनी सुरुवात केली. म्हातारे झाले होते, पण आवाज! झाडावरचे पक्षी गप्प झाले. "या महालात दिवे पुष्कळ होते. प्रत्येकाचं तेल मी मोजून दिलं…" कुजबुज्याच्या ओठांत बटण दगडासारखं घट्ट. त्याला पहिली रांग दिसत होती, तीत मेहुण्या बसलेल्या. "प्रत्येक वात माझ्या हुकमानं जळली. पण ज्यानं ते दिवे लावले…"

आणि मालकांची मान ताठरली.

कुजबुज्याला मान पुरे होती. तो विराम नव्हता. मालकांनी हळूच तोंड वळवलं, तेव्हा डोळ्यांत काहीच नव्हतं, रिकाम्या विहिरीसारखं. मग त्यात भीती भरली. समोर माणसं थांबलेली. मालक त्याच्याकडे बघत होते, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखे. एक क्षण त्याला कोट दिसला, खुंटीवरचा. पण जन्मभर ज्यानं बुडत्याला हात दिला, त्याचा हात विचारून पुढे होत नाही.

"त्याचं…" तो कुजबुजला.

टिक्. बटण कातळावर पडलं, दोनदा उडालं आणि थांबलं.

"…त्याचं तोंड मी कधी उजेडात पाहिलं नाही!" मालक गरजले. भाषण असं चढत गेलं की धावणाऱ्या माणसांनी उभं राहून टाळ्या दिल्या. मालक वाकले. मग वळले.

"कुजबुजे, ओठ हलले."

"मालक, तुम्ही…"

"मी काय?"

"थांबलात."

"थांबलो! त्याला विराम म्हणतात. तुझी परीक्षा होती ती, गाढवा." मालकांनी घाम पुसला. कोरडं झालेलं कपाळ पुन्हा पुसलं. बाईंनी ते पाहिलं. मग त्यांनी कुजबुज्याकडेही पाहिलं, एकदाच, आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "मालकांचे विराम म्हणजे विराम हो!"

"काम जावईबापू करतील," मालक म्हणाले. "आणि वहिनींना सांग, कोट झालाय ना, तो खांद्यात जरा सैल करायला. जावयांचे खांदे भरलेले आहेत."

"पोटातही," जावई म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसले.

कुजबुज्यानं वाकून बटण उचललं. खिशात टाकलं.

उतारावर बाई आणि जावई पुढे गेले. मालक बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं मागे राहिले. नाडी सुटलेली नव्हतीच. कुजबुजे जवळ आला तसा त्यांनी त्याचा दंड धरला. आवाज खाली आला होता, विंगेतला.

"अरे ते… 'ज्यानं ते दिवे लावले'… पुढे काय रे?"

कुजबुज्यानं दंडावरच्या बोटांकडे पाहिलं.

"वर म्हटलं की मी आत्ता. गेलं बघ पुन्हा. रोज जातं हल्ली, तिथंच." मालक हसायला गेले, जमलं नाही. "पहिला शब्द दे. नुसता पहिला."

कुजबुज्यानं खिशातून बटण काढलं, सदऱ्याला पुसलं आणि ओठांत धरलं.

"ए, चेष्टा पुरे. कुजबुजे! अरे, आपली इतकी वर्षं… हे बघ, काम देतो तुला, जावयाला काय कळतंय. सांग."

मालकांची मान ताठरलेली. तोच रिकामेपणा, तीच भीती, आणि श्वासाची तीच फट, शब्द बरोबर मावेल एवढी. शब्द त्याच्या जिभेच्या टोकाशी होता. त्यानं फट जाऊ दिली. बटण हललं नाही.

मग त्यानं मालकांची बोटं आपल्या दंडावरून एकेक करून सोडवली. बाटल्यांची पिशवी निळ्या बाणाच्या झाडाशी ठेवली आणि चालू लागला. फेरीत पहिल्यांदाच तो मालकांच्या पुढे होता. मागून पाल्यातून येत होतं, "ज्यानं ते दिवे लावले… ज्यानं ते दिवे…" आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसती कुजबुज.

फाटकाशी जावई घड्याळ बघत उभे होते. "बाबा कुठे राहिले?"

कुजबुज्यानं बोटानं मागे दाखवलं. तोंडात बटण होतं, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच त्याला चव आली होती.