उणं न सांगणारं गाव

रोडोपीच्या डोंगरातल्या आमच्या गावात दवाखाना म्हणजे दाफिन्का नर्स. डॉक्टर गुरुवारी येतो, तोही घाटात बर्फ नसला तर. एरवी टाके, इंजेक्शनं, सुनांची गाऱ्हाणी, सगळं तिच्याच टेबलावर. पन्नाशीला टेकली तरी बाईच्या मनात एकच होतं : खालच्या शहरात नर्सिंगचा वरचा कोर्स निघावा. अंथरुणाला खिळलेली आई सोडून त्यासाठी राजधानीला जाणं काही जमणारं नव्हतं.

असा कोर्स या भागाला हवा का, ते बघायला विद्यापीठातल्या इस्क्राबाई आल्या. आता पाहुण्यापुढं आपलं उणं सांगायचं नाही, ही आमची जुनी खोड. चीज शेजारणीकडून आणू, पण पापुद्र्यांची बानित्सा भाजूच. अख्खं गाव इस्त्रीचे सदरे घालून चौकात बसलं.

"नर्सच्या बाबतीत काही अडचण?" बाईंनी विचारलं.

"आमाला? ती कसली?" रांगेलआबा म्हणाले. साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. तो पाय त्यांनी हळूच टेबलाखाली सारला. "आमची दाफिन्का डॉक्टरला शिकवंल. तिला आनखी काय शिकायचं ऱ्हायलंय? घ्या, घोटभर राकिया घ्या."

"खरं हाय," सगळे म्हणाले. इस्क्राबाईंनी लिहून टाकलं, गरज दिसत नाही. दाफिन्का कॉफी ओतत होती, ती बशीत सांडली.

ती आबांच्या कानाशी वाकली. "आबा, उद्यापास्नं मलमपट्टीला येऊ नका."

"का गं?"

"असली जखम कशी आवरायची, ते त्या कोर्सात शिकवत्यात. मला येत न्हाई."

"काय बोलतीस? तुला सगळं येतं."

"न्हाई येत. म्हनून तर शिकायचं हुतं."

"अगं, पाव्हण्यांम्होरं गावाची अब्रू राखली मी."

"राखलीत खरी. पाय जाईल तेवढा."

आबांनी विजार वर ओढली आणि पाय उचलून बानित्साच्या ताटाशेजारी ठेवला.

"बाई, ह्ये लिवा."

इस्क्राबाईंचा घास तोंडातच राहिला. मग काय, एकेकाचं निघालं. कुणाचा रक्तदाब, कुणाचं हृदय. ज्यांना काहीच नव्हतं तेसुद्धा खोकले. बाईंनी आधीची ओळ खोडली.

पुढच्या शरदात कोर्स निघाला. शेजारीण आईपाशी बसते आणि दाफिन्का शुक्रवारच्या बसनं खाली शिकायला जाते. आबा पाय शेकोटीपुढं पसरून कुरकुरतात, शुक्रवारी गावाला कुणी वालीच न्हाई. कुणी परका आला की पाय आत घेतात आणि म्हणतात, "छ्या, काय बी कमी न्हाई आमाला."