डावी नळी

पेरूची उभी बाग विकत घ्यायची, माल तोडून मार्केटला पाठवायचा, हा माझा धंदा. सासरी पुणतांब्याला आले तेव्हा मी दुसऱ्यांच्या बागेत रोजानं पेरू तोडत होते. आता राहाता-कोपरगाव भागातल्या बागा मी स्वतः बघून घेते आणि तोडणीला माझ्या हाताखाली बारा बायका असतात. बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते या धंद्याच्या सवयीनं झालं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. त्यानंतर आठ दिवस अंगात ताप होता, अंगावरून जे जायचं त्याला घाण वास होता. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना म्हटलं, डॉक्टरकडं जाते. त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "पोट पडल्यावर ताप येतोच. आमी कधी दवाखान्यात गेल्तो का?" त्यांनी काढा दिला. ताप उतरला. आत काय करून गेला ते सात वर्षांनी कळलं, नगरच्या दवाखान्यात गर्भपिशवीत रंग सोडून फोटो काढला तेव्हा. दोन्ही गर्भनळ्यांची टोकं चिकटली होती आणि त्या पाणी साचून फुगल्या होत्या. त्या सात वर्षांत मी नवऱ्याला दोनदा तपासणीला पाठवलं होतं आणि दर वेळी रिपोर्ट चांगला आला म्हणून त्यांच्यावरच चिडले होते.

डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. या नळ्यांतून मूल राहणार नाही. टेस्ट ट्यूबनं राहू शकेल. पण नळ्यांतलं हे खराब पाणी पिशवीत उतरतं आणि गर्भाला रुजू देत नाही. म्हणून आधी दुर्बिणीनं दोन्ही नळ्या काढायच्या, मग गर्भ सोडायचा.

दोन्ही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. खराब का होईना, नळ्या होत्या तोवर एखाद्या महिन्यात आपोआप काही होईल अशी आशा मी धरून होते. शिवाय घरी काय सांगणार? आत्याबाई आधीच पाहुण्यांत म्हणत होत्या, "धंद्यात लई हुशार हाय, बाकी काय न्हाई." मी मॅडमना म्हटलं, एक काढा, एक ठेवा. त्या नाही म्हणाल्या. मघाशी त्या सहज बोलून गेल्या होत्या की डावी जरा कमी फुगलेली दिसते. मी तेच धरलं. डावी बरी आहे असं तुम्हीच म्हणालात, मग ती ठेवा. त्यांनी परत सांगितलं, परत चित्र काढलं. शेजारी नवरा हळूच म्हणाला, "मॅडम म्हणतात तसं करू ना." मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

मग मी फाइल उचलली आणि उठले. बागेचा सौदा अडला की आम्ही असंच करतो. उठायचं, पदर झटकायचा, बांधापर्यंत चालत जायचं. शेतकऱ्यालाही माहीत असतं की ही खरी जात नाहीये, आणि मलाही माहीत असतं की तो हाक मारणार. त्यानं नाहीच मारली, तर काहीतरी विसरल्याचं निमित्त करून आपणच परत यायचं. दाराच्या कडीला हात लावला तेव्हा मागून आवाज आला.

"थांबा, ताई. डावी ठेवून बघू."

त्यांनी कागदावर लिहिलं, 'रुग्णाच्या आग्रहावरून', आणि मी सही केली. जिन्यात मी नवऱ्याला म्हटलं, बघितलंत? बोलल्याशिवाय काही मिळत नाही.

उजवी नळी काढली. इंजेक्शनं झाली, तीन गर्भ तयार झाले. ते गोठवून ठेवले आणि एकेक करून सोडायचं ठरलं. पहिला रुजला नाही. दुसराही नाही. त्यानंतरच्या सोनोग्राफीत मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला. डावी नळी उजवीइतकीच फुगली होती आणि पाण्याची बारीक काळी रेघ पिशवीत उतरलेली दिसत होती.

मी तिथंच भांडले. बाहेरच्या बायका ऐकत होत्या, ऐकू देत. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं, मग माझं का ऐकलंत? त्यांनी पडदा परत आपल्याकडं वळवला. मग म्हणाल्या, "तुम्ही उठून निघाला होता. अशा गेलेल्या बायका परत येत नाहीत, कुठल्या तरी बाबाकडं जातात. मला वाटलं, निदान एक नळी तरी निघेल."

"मी परत येणारच होते," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. कळणार तरी कसं? त्यांनी कधी बाग घेतली नाही. पण ते बाजूला ठेवून मी हेही म्हणते की शिकलेल्या माणसानं खऱ्या गोष्टीवरून मागं हटू नये. बाईला जायचं तर जाऊ द्यावं. हा राग माझा अजून गेलेला नाही.

डावीही काढली. या वेळी मी काही न बोलता सही केली. नळी एका डबीत घालून नवऱ्याच्या हातात दिली, तपासणीला न्यायला. मी खाटेवरून बघितली. करंगळीएवढी, सुजलेल्या आतड्यासारखी. तीन महिन्यांनी शेवटचा गर्भ सोडला. चौदाव्या दिवशी रक्त तपासलं. नाही. परत पहिल्यापासून सुरू करायचं तर माझ्याकडं बीजं फार उरलेली नाहीत, असं मॅडमनी फोनवर सांगितलं.

आत्याबाई आता त्या विषयावर बोलत नाहीत. त्यांना सगळं मी ऐकवलं, तापाचे आठ दिवससुद्धा. त्या रडल्या. मला बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

नवरा मला एका शब्दानंही बोललेला नाही. मॅडम म्हणतात तसं करू, असं तो माणूस म्हणाला होता, आणि मी नजरेनं त्याचं तोंड बंद केलं होतं. ते त्यांच्या लक्षात आहे, मला माहीत आहे. एकदा तरी त्यांनी ते माझ्या तोंडावर म्हणावं म्हणून मी कशावरूनही भांडण काढते, टेम्पोच्या चाकांवरून, भाजीतल्या मिठावरून. ते ताट उचलतात आणि बाहेर ओट्यावर जाऊन जेवतात.