बाहेरून कुलूप

वसुली अधिकाऱ्याने दाराला लाख लावली, तेव्हा रघूभाऊ आतच होते. बाहेर त्यांचंच कुलूप लटकत होतं. पतपेढीच्या माणसांनी त्यावर आपलं दुसरं कुलूप घातलं, पांढरं कापड गुंडाळलं आणि मेणबत्तीवर लाख धरली. सगळी गल्ली ओट्यांवर उभी राहून बघत होती.

मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, आत माणूस आहे."

"आजी, कुलूप बाहेरून आहे."

"म्हणून तर सांगते."

त्यांनी दार वाजवलं. मी खिडकीला तोंड लावून ओरडले, "रघूभाऊ, आता तरी बोला!" आतून आवाज नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय, अशा नजरेने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दारावर जप्तीचा कागद चिकटवला आणि ते गेले.

कोपरखैरण्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मागे दार नाही. रघूभाऊ आमच्या समोर राहायचे. मूळचे महाडकडचे, तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर. कामावरून आले की दार सताड उघडं आणि हे लुंगीवर ओट्यावर. दाराच्या आत खिळे ठोकलेली एक फळी होती, तिच्यावर सगळ्या गल्लीच्या जादा चाव्या. कोणाची चावी हरवली, कोणाचं पोर शाळेतून लवकर सुटलं, की सगळे रघूभाऊंकडे. मी एकदा दुपारी दार लावून पडले होते, तर बाहेरून हाक आली, "आक्का, ताप आलाय काय? धडधाकट माणसानं दार लावायचं नाय!"

पतपेढीकडे घर गहाण ठेवून त्यांनी वर मजला चढवला. मी विचारलं, "घरात माणसं दोन. वर कोण नाचणार?"

"पाव्हणे येतात ना, आक्का. टेन्शन नाय घ्यायचं."

पुढे कारखान्याला टाळं लागलं आणि हप्ते थांबले.

वसुलीचा माणूस पहिल्यांदा आला, तेव्हा घरी खरंच कोणी नव्हतं. कुलूप बघून तो परत गेला. तेवढ्यावरून रघूभाऊंनी युक्ती काढली. त्यांची बायको सुमन मसाल्याच्या पॅकिंगला जाई. ती निघताना बाहेरून कुलूप लावायची आणि हे आत बसायचे. रेडिओ बंद, पंखा बंद. खिळ्यांवरच्या चाव्या मागायलाही कोणी जाईना.

वसुलीचा तो माणूस वाईट नव्हता. टक्कल पडलेला, घामाघूम झालेला, माझ्या ओट्यावर बसून पाणी प्यायचा. एकदा म्हणाला, "आजी, त्यांना सांगा, एकदा येऊन समोर बसा. कारखाना बंद आहे हे आम्हालाही कळतं. अर्ज द्या, हप्ता कमी करून मुदत वाढवता येते. वरचा मजला भाड्याने द्या, ते भाडं हप्त्याला लावा. काहीच जमत नसेल तर स्वतः गिऱ्हाईक बघून घर विका. आमचं फेडा, उरेल ते तुमचं. लिलावात गेलं की मातीमोल जाईल."

मी चौथीपर्यंत शिकलेली. मला एका फटक्यात कळलं. तो वळणावर दिसेनासा झाला तशी मी रघूभाऊंच्या खिडकीशी गेले.

"ऐकलंत का?"

"ऐकलं."

"मग जा की."

"बघू आपण. युनियनवाले बोलतायत, कारखाना उघडेल."

"तोवर काय घुशीसारखं बिळात बसणार?"

"हळू बोला, आक्का. घरात कोणी नाय." आणि स्वतःच हसले. मी नाही हसले.

लाख लागली त्या संध्याकाळी सुमन आली. दार बघितलं आणि तिने दगडच उचलला. मी तिचा हात धरला. "ती लाख तोडलीस तर तुलाच पोलीस नेतील. पतपेढीत जा, त्यांनाच घेऊन ये." ती तशीच पळत गेली आणि साहेबांना घेऊन आली. पुन्हा सगळी गल्ली जमली. दार उघडलं तर रघूभाऊ बनियनवर उभे, हातात चाव्यांची ती फळी.

"अहो, आवाज का नाही दिलात?" साहेब चिडले.

"सगळे उभे होते ना," रघूभाऊ हळू म्हणाले. मग फळी माझ्या हातात दिली. "आक्का, ज्याच्या त्याला देऊन टाका."

साहेबांनी लिलावापर्यंत राहू दिलं. तेवढ्या मुदतीत सुमनने एकटीने धावपळ करून वाशीचा एक व्यापारी आणला. तो देत होता त्यात कर्ज फिटून एखादी खोली घेण्याइतके पैसे उरले असते. फक्त रघूभाऊंची सही हवी होती.

"माझं घर मी माझ्या हातानं नाय विकणार. त्यांना न्यायचंय तर नेऊ दे."

"अहो, जायचंच आहे ते!" सुमन म्हणाली. "निदान रिकाम्या हातानं तरी नको जाऊया."

मी म्हटलं, "रघूभाऊ, लोकांपुढे मान खाली जाईल म्हणून आत बसलात. त्यानं काय वाचलं?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. व्यापारी चहा न घेता उठला.

लिलावात घर निम्म्यात गेलं. कर्ज फिटलं, हातात काही आलं नाही. ती दोघं शिरवणे गावात भाड्याच्या खोलीत गेली. मी एकदा भेटायला गेले. भर दुपारी दार लावलेलं होतं. मी हाका मारल्या, "रघूभाऊ, मी आक्का." बऱ्याच वेळाने त्यांनी कडी काढली. मला आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली. आम्ही चहा प्यायलो. गल्लीतल्या कोणाचंही त्यांनी विचारलं नाही.

बंद कारखान्याकडून यायचे राहिलेले पैसे मिळायच्या आधीच रघूभाऊ वारले. सुमन त्याच खोलीत राहते. पॅकिंगला जाते.