उघड डोये, गेला वाघ!

आमच्या घरात वाघ पाहिलेली माणसं तीन आहेत आणि त्यातली एक मी आहे, असं माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगतात. सासूबाई स्वभावानं फार चांगल्या आहेत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. 'वन्यप्राणी समोर आल्यास काय करावे?' हे आमच्या शाळेच्या जिन्याजवळचं पोस्टर मी स्वतःच्या हातानं रंगवलेलं आहे. शांत राहावे. पळू नये. प्राण्यावर नजर ठेवावी. (ही तिसरी सूचना लाल रंगात, खाली दोन रेघा मारून.) पोस्टर रंगवलं तेव्हा मी पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरात बसले होते आणि माझ्यासमोर आलेला सगळ्यात हिंस्र प्राणी म्हणजे शेजारच्यांचा बोका होता.

वाघाचा खरा संबंध होता तो सासूबाईंच्या माहेराशी, रोहण्याशी. लहानपणी त्या आणि त्यांचा भाऊ, आमचे वामनमामा, ज्वारीच्या शेतात मचाणावर बसून पाखरं हाकलायचे. एका संध्याकाळी मचाणाखालून वाघ गेला. वामनमामांनी तो शेपटीपर्यंत पाहिला. सासूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. वाघ गेल्यावर भाऊ म्हणाला, "शांते, उघड डोये, गेला वाघ!"

झालं! तेव्हापासून आजतागायत मामा हे वाक्य विसरलेले नाहीत. राखी बांधायला सासूबाई रोहण्याला गेल्या की उंबरठ्यातच, "शांते, उघड डोये, गेला वाघ!" भाऊबीजेला ओवाळताना तेच. माझ्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, भर मांडवात तेच! नव्या नवरीला वाटलं, विदर्भातल्या मंगलाष्टकांचा असा शेवट असेल.

सासूबाई हसायच्या, पण त्यांना ते लागायचं. यंदा उन्हाळ्यात सेवाग्रामला त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा त्या रात्रीच्या जेवणात वरणाचं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "दिलीप, मले वाघ पाह्यचा आहे."

दिलीप म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, "आई, नागपूरले जाऊ, तिथं पिंजऱ्यात..."

"पिंजऱ्यातला नाई! मोकया वाघ. उघड्या डोयानं. आपरेशन झाल्यावर हे पाय जंगलात चालतीन का नाई, काय सांगता येते? एक डाव पाह्यते, अन् वामनाचं तोंड बंद करते."

त्याच क्षणी मी ठरवलं, आईंना वाघ दाखवायचाच. आणि घरात वन्यप्राण्यांचं पोस्टर रंगवलेली व्यक्ती एकच असल्यामुळे मोहिमेची सूत्रं आपोआप माझ्याकडे आली.

बोरचं जंगल आमच्यापासून फार लांब नाही. जंगलाच्या कडेच्या भागात गाईडला सोबत घेऊन पायी फिरता येतं, आणि एका पाणवठ्याजवळ दगड-फांद्यांचं लपण आहे, त्याच्या आड बसून जनावरं पाहता येतात, असं दिलीपच्या कचेरीतल्या एकानं सांगितलं. मी लगेच घरात नियम जाहीर केले. भडक कपडे नाहीत, अत्तर नाही, खायचं काही नाही आणि बोलणं तर मुळीच नाही! आदल्या रविवारी मी दोघांना दिवाणखान्यात मुकाट्यानं बसायचा सरावसुद्धा दिला. सासूबाईंनी तो छान केला. म्हणजे त्यांना झोप लागली.

निघायच्या दिवशी पहाटे मी त्यांची पिशवी तपासली. चिवडा जप्त केला. संत्र्याची बर्फी जप्त केली. "आई, वास जातो जनावरांना!" मी म्हटलं.

"बर्फीच्या वासानं वाघ जवयच येईन की वं! दूर कायले जाईन?" त्या म्हणाल्या. पण मी बधले नाही. कमरेचा बटवा मात्र मी तपासला नाही. सासूच्या कमरेला हात घालायची आपल्याकडे पद्धत नाही!

फाटकावर आमची गाईड उभी होती. प्रणाली तिचं नाव. खाकी शर्ट, खाकी पँट, डोक्यावर टोपी, हातात काठी. तिनं जरबेच्या आवाजात सांगितलं, "बोलायचं नाही. माझ्या पुढं जायचं नाही. मी हात वर केला की जागच्या जागी थांबायचं." अगदी माझेच नियम! मी सासूबाईंकडे 'बघा, मी म्हणत नव्हते?' अशा नजरेनं पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या प्रणालीच्या गळ्याकडे पाहत होत्या. खाकी कॉलरच्या आत बारीकसं, नवंकोरं मंगळसूत्र होतं.

तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

आम्ही निघालो. पुढं प्रणाली, मागं गुडघ्याला पट्टा बांधलेल्या सासूबाई, मग गळ्यात दुर्बीण अडकवलेला दिलीप आणि शेवटी मोहीमप्रमुख मी. सागाची पानं गळून पडलेली, त्यामुळे प्रत्येक पावलाला पापड मोडल्यासारखा आवाज. प्रणालीनं हात वर करून एका झाडावरचे वाघाच्या नखांचे ओरखडे दाखवले. मला एकदम शाळेतल्या जिन्याची आठवण आली. तो किती सुरक्षित जिना होता!

"लगन यंदाच झालं का वं?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं. (सासूबाईंची कुजबुज आर्वीच्या बसस्टँडवरची घोषणा म्हणून चालली असती.)

"हो आजी. बोलू नका."

"नाई बोलत. सासर कोनतं?"

"इथलंच, हिंगणीचं. शू!"

"अन् माहेर?"

"सेलू. आजी, खरंच बोलू नका."

"बरं. अन् आईचं माहेर?"

आता वैदर्भीय माणसाला हे तीन प्रश्न कुठंही पडतात. दवाखान्यात, मयतीत, परीक्षेच्या रांगेत. वाटेत भेटलेल्या माणसाशी काही ना काही नातं निघेपर्यंत त्याला सोडायचं नाही, हा आमचा शिरस्ता. पण वाघाच्या वाटेवर? मी मागून डोळे वटारले. पण पाठीला डोळे वटारून काय उपयोग?

"रोहणा," प्रणाली म्हणाली.

"रोहणा!!"

दोन तितर आणि एक मोर झाडीतून भर्रकन उडाले. दिलीपनं दुर्बीण लावेपर्यंत ते बहुधा दुसऱ्या तालुक्यात पोचले होते.

"कोनाच्या घरची तुही आई? शाळेजवयच्या टेलरची लेक तं नाई?"

आणि प्रणालीचा जरबेचा आवाज गेला कुठं, कोण जाणे! शहरी मराठी गेली, काठी झाडाला टेकली. "अवं आजी, तुम्ही कशा ओयखता माह्या आबाले?"

"बाप्पा! त्याच्याच हातचं पोलकं घालून म्या लगन केलं! तुह्या आईले कडेवर खेयवली म्या. तिची आत्या झाली मी. म्हंजे तू माही नातच झाली वं पोट्टी!"

"अहो, आवाज!" मी दिलीपला ढोसलं.

"मी काय करू? तिच्या आईची आत्याबाई भेटली तिले," दिलीप म्हणाला. त्याचे डोळे चक्क पाणावले होते! या घराण्यात माहेर या शब्दानं पुरुषसुद्धा रडतात.

कसंबसं सगळ्यांना हाकत मी लपणापर्यंत आणलं. म्हणजे आता गाईड मीच होते. कमरेएवढी दगडांची भिंत, वर फांद्यांचा आडोसा, त्याला डोळे लावायला फटी. समोर नाल्याच्या खोलगटात पाणवठा. मी दात-ओठ खात खूण केली, 'आता अक्षरही नाही!' सगळे गप्प बसले. बराच वेळ एक बगळा पाण्यात उभा राहिला. मग तोही कंटाळून निघून गेला.

मग मला सासूबाईंचा चेहरा दिसला. त्या फटीतून पाहतच नव्हत्या. त्या चुळबुळत होत्या.

"काय झालं, आई? गुडघा दुखतोय?"

"नाई वं. नात लगनानंतर पहिल्यांदा भेटली. तशीच रित्या हातानं जाऊ देऊ काय? रोहण्यात काय म्हनतीन?"

"आई, वाघ!"

"वाघाले बी माय-आजी असनच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कमरेचा बटवा सोडला.

त्या बटव्यातून काय काय निघावं! तांदळाची पुडी, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, कुंकवाची डबी आणि घडी घातलेला एक ब्लाउजपीस. शेंदरी! जरीचे ठिपके असलेला, कोसभरावरून दिसेल असा शेंदरी! (हा ब्लाउजपीस मी ओळखला. मागच्या चैत्रात तो मीच एका बाईंना दिला होता. आमच्या भागात ब्लाउजपीस शिवले जात नाहीत, ते नुसतेच फिरतात.)

"आजी, ड्युटीवर आहो मी," प्रणाली क्षीणपणे म्हणाली.

"ड्युटी राहू दे जराशी बाजूले. पदर कर पुढं."

खाकी शर्टाला पदर कुठून आणायचा? प्रणालीनं क्षणभर विचार केला आणि डोक्यावरची टोपी काढून उलटी धरली. बोरच्या जंगलात, वाघाच्या पाणवठ्यावर, त्या टोपीत सासूबाईंनी पाच मुठी तांदूळ घातले, वर खोबरं, वर तो शेंदरी झेंडा! दिलीप दुर्बीण सोडून मोबाइलवर त्याचे फोटो काढू लागला. मी पाणवठ्याकडे पाठ केली, कमरेवर हात ठेवले आणि वन्यजीव निरीक्षण म्हणजे काय, यावर कुजबुजत्या आवाजात भाषण सुरू केलं.

प्रणाली पाया पडायला वाकली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि झाडावरून वानर खाकरलं. "खॅक!" मग दुसरं. "खॅक! खॅक!"

सासूबाईंचा हात तसाच राहिला. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होत्या. तोंड अर्धवट उघडं, डोळे बशीएवढे.

"हलू नका," वाकलेल्या प्रणालीनं तिथूनच हलक्या आवाजात सांगितलं, "वाघ आहे."

शांत राहावे. मी राहिले. पळू नये. मी पळाले नाही. (पाय माझे आहेत हेच मला आठवत नव्हतं.) प्राण्यावर नजर ठेवावी. मी हळूच वळले, फटीशी तोंड नेलं आणि डोळे इतके गच्च मिटले की आतल्या आत काजवे चमकले!

मला फक्त ऐकू येत होतं. लपलप, लपलप, पाणी पिण्याचा आवाज. कुठंतरी सुकं पान मोडलं. शेजारी दिलीपनं दुर्बीण उचलल्याची कुरकुर. मी मनातल्या मनात उघड, उघड म्हणत होते. पापण्या माझं ऐकत नव्हत्या. शाळेत पोरं ऐकत नाहीत, ते एक वेळ ठीक, पण स्वतःच्या पापण्या?

किती वेळ गेला, मला माहीत नाही. मग माझ्या गालावर कुंकवाचा वास असलेला एक खरखरीत हात टेकला आणि कानाशी सासूबाईंचा आवाज आला. या वेळी मात्र ती खरोखरची कुजबुज होती.

"संगीता, उघड डोये. गेला वाघ."

मी डोळे उघडले. पाण्यावर नुसत्या गोल लाटा होत्या. सासूबाई रडत होत्या आणि हसत होत्या. "पाह्यला वं! पुरा पाह्यला! पानी पेला, मान वर केली, माह्याकडं पाह्यलं अन् गेला. म्या पापनी हालवली नाई!"

"मला कान दिसला," दिलीप म्हणाला. इतक्या जवळचा वाघ त्यानं दुर्बिणीतून पाहिला होता. पण कान अगदी स्पष्ट!

मला हुंदकाच आला. वाघ हुकला म्हणून असेल, किंवा आईंना दिसला म्हणून. त्यांनी मला जवळ ओढलं, पदरानं माझं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "कोनाले सांगू नको. आपुन तिघाईनं पाह्यला."

परतताना फाटकावर येताच त्यांनी मामांना फोन लावला. "वामना, पाह्यला म्या वाघ! हो, उघड्या डोयानं! दिलीपनं बी पाह्यला. अन् संगीतानं तं सगयात जास्त पाह्यला!"

हे शेवटचं वाक्य त्यांनी प्रेमापोटी घातलं, याबद्दल मला अजिबात शंका नाही. ऑपरेशन छान पार पडलं, त्या काठीशिवाय चालू लागल्या आणि राखीला आम्ही सगळे रोहण्याला गेलो. मामांनी उंबरठ्यात बहिणीला मानानं हात दिला, एक शब्द बोलले नाहीत. सासूबाईंचा तेव्हाचा चेहरा पाहून माझा सगळा शीण गेला. मग मामा माझ्याकडे वळले.

"काव संगीता, तू तं सगयात जास्त पाह्यला म्हने. कसा होता वाघ?"

सासूबाई मला डोळ्यांनी खुणा करू लागल्या. दिलीपनं आपला कान धरून दाखवला. मी विज्ञानशिक्षिकेला शोभेल अशा आवाजात सांगितलं, "मामा, लपलप आवाज करत पाणी प्यायला. मग पान मोडलं. मग वानरं गप्प झाली."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर अत्यंत समाधानाचं हसू पसरलं. इतक्या वर्षांचं वाक्य वाया जाणार, या काळजीत बिचारे असावेत.

आता राखी असो, भाऊबीज असो, रोहण्याहून फोन आला की मामा आधी मला बोलावतात. "संगीता, उघड डोये, गेला वाघ!" सासूबाई पलंगावर पाय पसरून मनापासून हसतात. मीही हसते. पण फोन वाजला की सवयीनं माझे डोळे मिटतात, आणि उघडताना मी आधी एकच उघडते.