द्वारकाआत्याच्या दाखल्यासाठी देवरूख, आणि पुढे पावस

सन १९३४ची नाताळची सुटी मी चिडूनच सुरू केली. आमच्या कुळाचा वृत्तान्त छापण्याचा घाट गिरगावात घातला गेला आहे आणि त्याचे कर्तेधर्ते माझे थोरले काका, तात्या. माझे वडील लवकर गेले. तात्यांनीच मला वाढवलं, शिकवलं, शाळेत मास्तरीण केलं, हे मी विसरत नाही. पण त्यांचं बाड चाळताना पाहिलं तर पुरुषांच्या नावापुढे जन्म, मुंज, नोकरी, मृत्यू, सगळं सरकारी दाखल्यानिशी. आणि तात्यांच्या सख्ख्या बहिणीच्या, माझ्या द्वारकाआत्याच्या नावापुढे एवढंच: 'वैधव्यानंतर लवकरच निवर्तली.' तारीख नाही, गाव नाही.

"हिच्या मृत्यूचा दाखला कुठे आहे?" मी विचारलं.

"बायकांच्या दाखल्यांचं काय करायचंय? राहू दे ते."

"मग मी आणते."

"सांगतोय ना, राहू दे म्हणून!" तात्या इतक्या जोरात ओरडले की काकूच्या हातातला चहा बशीत सांडला. बायकांसाठी कागद खर्चायला नको म्हणून हा राग, असं मला वाटलं. आमच्या मूळ गावची मामलेदार कचेरी देवरूखला. तिथून दाखला आणायचाच हे मी लगेच ठरवलं.

ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची बोट घ्यावी. डेकचं तिकीट परवडतं, पण सतरंजी टाकून जागा आधी अडवावी लागते, नाहीतर दिवसभर कोणाच्या तरी ट्रंकेवर अवघडून बसायचं. लिंबू जवळ ठेवा. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नाही, लांब उभी राहते आणि हेलकावणाऱ्या मचव्यात उडी मारावी लागते. खलाशी हात देतात. नऊवारी सावरत उडी मारणाऱ्या बाईकडे मचव्यातले सगळे पुरुष टक लावून बघतात, तेही सोसावं लागतं.

गावातल्या खाणावळीत मालकाने विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"वळकटी आहे," मी म्हटलं.

एकट्या बाईला जागा नाही, असं त्याने अगदी नम्रपणे सांगितलं. जेवणाचे पैसे मात्र तितक्याच नम्रपणे घेतले. शाळेतल्या एका मैत्रिणीचं माहेर जवळ होतं म्हणून रात्र निभावली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने संगमेश्वर आणि तिथून दुसऱ्या मोटारीने देवरूख. धुळीने केस लाल होतात, घाटात पोट ढवळतं, आणि ड्रायव्हर ओळखीचं माणूस दिसलं की गाडी थांबवून गप्पा मारतो. मामलेदार कचेरीत कारकुनाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पुरुषमाणूस कोणी आलं नाही?"

"अर्ज मी लिहिलाय. वाचून दाखवू?"

त्याने अर्ज ठेवून घेतला आणि उद्या या म्हणाला. उद्या गेले तर परवा. शेवटी त्याने दप्तर सोडलं, पानं उलटली आणि वैतागून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही अंदाजाने लिहिलंय त्या साली तुमच्या गावात ह्या नावाची कोणी बाई मेलेली नाही. मागच्या-पुढच्या सालांतही नाही. घरी नीट विचारून या."

ही नोंद गावचा पाटील करतो आणि ती मग कचेरीत येते. पाटलाने आळस केला असणार, अशी माझी खात्री झाली आणि मी बैलगाडी करून थेट आमच्या मूळ गावी गेले. पाटील खळ्यात भात वाळवत बसला होता. त्याच्या वडिलांनी नोंद का केली नाही, असं मी फाडफाड विचारलं. तो हसायलाच लागला.

"बाय, ती मेलीच नाय, तर माजा बापूस लिवणार काय?"

"म्हणजे?"

"तिनं दुसरं लगीन केलान. पावसच्या शाळामास्तरासंगं. तवा तुमच्या आजोबांनी हितं घट फोडलान. पाण्याची घागर आंगनात पायानं उलटी केली, सगळ्यांनी आंगोळी केल्या, सुतक धरलं. पोरगी मेली म्हनून! आनि मंग माज्या बापसाकडं आले, मेल्याची नोंद कर म्हनून. त्यो म्हनाला, मडं दाखवा. तुमचे तात्या व्हते की संगती. घागर त्यांनीच भरून आनलान."

मला इतका संताप आला की पाटलाचा चहासुद्धा घेववेना. राहू दे, राहू दे म्हणून ओरडणारे तात्या! बहिणीचं जिवंतपणी सुतक धरणारे आणि आता तेच मोठ्या ऐटीत छापणारे!

पावसला जायचं तर पुन्हा रत्नागिरीला यावं लागतं. भाट्याची खाडी तरीच्या होडीने ओलांडायची, पलीकडे बैलगाडी मिळते. आंब्यांना मोहोर धरू लागला होता. रस्ता सुरेख आहे म्हणतात. मी पाहिला नाही, मनातल्या मनात तात्यांशी भांडत होते.

मास्तरांचं घर कोणीही दाखवतं. अंगणात एक पन्नाशीची बाई नारळ सोलत होती. नाक अगदी तात्यांचं.

"कोण गो तू?"

"सदाशिवची मुलगी. तुमची भाची."

तिने मला जवळ ओढून घेतलं. काय काम काढलंस, म्हणाली. पिशवीत तिच्याच मरणाचा अर्ज होता. मला खोटं सांगता येईना, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती मोठमोठ्याने हसली. मग एकदम म्हणाली, "आई कशी आहे?"

"आजी सहा वर्षांपूर्वी गेली. माघात."

आत्या अंगणात तशीच खाली बसली.

"त्या माघात माझ्या लेकीचं, यमूचं लग्न होतं," ती म्हणाली. "मी शालू नेसून मांडवात मिरवत होते गो! एक कार्ड टाकायला काय झालं होतं मेल्यांना? माझं सुतक धरायला सगळे धावले, आणि आईचं सुतक मला धरू दिलं नाही."

मास्तर ओटीवर बसून ऐकत होते. ते उठून विहिरीवर गेले आणि तिच्या आंघोळीसाठी पाणी शेंदू लागले. भर दुपारी डोक्यावरून आंघोळ करून ती ओल्या केसांनी आली, आणि मला भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. स्वतः जेवली नाही. सुटी संपेपर्यंत मी तिथेच राहिले.

घरी आल्यावर तात्यांना सरळ विचारलं. ते बाडावरून मान वर न करता म्हणाले, "शास्त्राप्रमाणे ती गेली. विधी झालाय."

"आजी गेल्याचं तरी कळवायचंत!"

"मेलेल्या माणसाला कोणी कळवतं का?"

ज्यांनी मला बोट धरून शाळेत नेलं त्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य आहे. ते ऐकल्यापासून मला त्या घरात अन्न गोड लागेना, आणि मी शाळेजवळ खोली घेतली. काकूने आजीची तिथी माझ्या कानात सांगितली, ती पावसला कळवली. तात्या माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही, आणि याचं मला दुःख होतं, हेही खरं.

वृत्तान्त छापखान्यात गेला आहे. ती ओळ तशीच राहणार आहे. म्हणून मी इथे छापून सांगते की ती खोटी आहे. द्वारकाआत्या पावसला राहते, नारळ सोलते, मोठ्याने हसते. तिच्या माहेरचं कोणी इतक्या वर्षांत तिच्या दारात गेलं नव्हतं. आमच्या कुळातल्या कोणाला जायचं असेल, तर वाट वर दिलीच आहे.