अहवालातली तंबाखू

मी ज्या डिस्टिलरीत सात वर्षं नोकरी केली, ती बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तिच्या गोदामात राहिलेल्या शेवटच्या पाच पिंपांच्या तळाचा माल गेल्या वर्षी सिंगापूरला आला. इथे त्याच्या बाटल्या भरणाऱ्या कंपनीतला मॅनेजर पुण्याचा निघाला, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभा राहणारा. त्या डिस्टिलरीत काम केलेला दुसरा कोणी त्याला सापडेना, म्हणून बाटलीला अडकवायच्या कार्डाचा मजकूर त्याने माझ्यावर टाकला. म्हणाला, "हिस्टरी, लेगसी, असं काहीतरी द्या. शंभर शब्द. रडवू नका लोकांना."

मी लिहून दिलं. घाटावरचं लहान गाव. आजूबाजूच्या डिस्टिलऱ्या मळीवर चालायच्या, आमची मका आणि ज्वारीवर. तीन मजले उंच तांब्याचा कॉलम, आत एकावर एक तांब्याच्या चकत्या. वरून आंबवलेलं धान्य उतरायचं, खालून वाफ चढायची. पाण्यासारखं स्वच्छ स्पिरिट निघायचं ते चार वर्षं ओकच्या पिंपात पडून राहायचं, मग त्याला व्हिस्की म्हणायचं. शेवटचं वाक्य लिहिलं : 'काळाच्या ओघात मागणी घटली आणि डिस्टिलरी बंद झाली.' आधीचं सगळं खरं होतं. शेवटचं वाक्य खोटं होतं.

कॉलमवर जे मुख्य ऑपरेटर होते त्यांना सगळे मामा म्हणत. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. पाळी सुरू झाली की ताज्या स्पिरिटचे दोन थेंब तळहातावर घेऊन हात चोळायचे. ओला असताना एकदा वास घ्यायचे, सुकल्यावर दुसऱ्यांदा. मग टाकीवर खडूने टिंब किंवा फुली. टिंब म्हणजे माल पिंपात जाऊ द्या, फुली म्हणजे थांबवा. प्रयोगशाळेचा आकडा दुपारी यायचा, तोवर खडू बघून लोक कामाला लागलेले असायचे. मी प्रयोगशाळेचा माणूस. मला हे खुपायचं.

पाळी संपली की मामा दाढेखाली लवंग धरत. पाळीत तोंडात काही नाही, चहासुद्धा नाही. कॉलमवर नेमणूक झाली त्या दिवशी तंबाखू सोडल्याचं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. "नाकाचा पगार घेतो," म्हणाले होते, "मग नाक राखायला नको?"

तांब्याच्या चकत्या झिजतात, काही वर्षांनी बदलाव्या लागतात, त्यासाठी कारखाना थांबवावा लागतो. मी सुचवलं की पोलादाच्या बसवू. वरच्या ऑफिसने मान्य केलेली ती माझी पहिली सूचना. घरी पेढे नेले होते मी त्या दिवशी.

चकत्या बदलल्या आणि तिसऱ्या आठवड्यात टाकीवर फुली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मामा माझ्याकडे आले. "साहेब, ओला असताना बरा आहे. सुकला की विझलेल्या काडीचा वास मारतो. तांबं काहीतरी खाऊन टाकत होतं बघा, ते आता तसंच राहतंय."

तांबं गंधक धरून ठेवतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. आमच्या कॉलममधून निघणारं स्पिरिट इतकं शुद्ध असतं की त्याने फरक पडू नये, असा माझा हिशेब होता. प्रयोगशाळेत ज्या चाचण्या व्हायच्या त्यात गंधक नव्हतंच. त्यामुळे सगळे आकडे जागच्या जागी होते. चार दिवस माल अडून राहिला तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरांनी लेखी अहवाल मागितला.

अहवालाला बसण्याआधी मी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि दोन थेंब तळहातावर घेतले. हात चोळले, सुकू दिले. वास होता. पुसटसा, पण होता. मी साबणाने हात धुतले आणि लिहिलं की मालात कोणताही दोष आढळला नाही. संबंधित ऑपरेटर तंबाखू खातात, त्यामुळे वासाबाबतचं त्यांचं मत ग्राह्य धरता येणार नाही.

मामांना कॉलमवरून काढून बॉयलरच्या कोळशावर पाठवलं. टाकीवर खडू राहिला नाही. चार वर्षांनी पोलादानंतरची पहिली पिंपं उघडली, तोवर मी सिंगापूरला नोकरी धरून एम्प्लॉयमेंट पासवर आलेलो होतो. फोनवरून कळत गेलं. घेणाऱ्यांनी माल परत पाठवला. पिंपं तशीच पडून राहिली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कारखाना मिटला. दोष कुणाचा हे ठरवायला गावाला वेळ लागला नाही. कॉलम बिघडला तेव्हा त्यावर मामाच होते, आणि त्यांच्या नाकाबद्दल साहेबाने लिहूनच ठेवलं होतं.

मामांची मुलगी इथे पोस्टडॉक करते. वुडलँड्सला एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेऊन राहते आणि रोज बुओना व्हिस्टाला लॅबमध्ये येते. ती कोण हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. मंडळाच्या कार्यक्रमात ती पोह्यांच्या रांगेत दिसली की मी चहाच्या रांगेत जायचो. बाटल्या येणार असं कळल्यावर तिने मॅनेजरला गाठलं, त्याने तिला माझा मजकूर पाठवला, आणि तिने मला ऑफिसच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला बोलावलं.

"काका, काळाच्या ओघात म्हणजे नक्की काय हो?" तिने बसल्याबरोबर विचारलं.

ती म्हणाली की गावात लोक तिच्या बाबांचं नाव घेतात, आणि आताशा बाबाही नाही म्हणत नाहीत. घरात दूध करपलं तरी बोलत नाहीत. आई चिडते, तर म्हणतात, माझ्या नाकाचं काय खरं. तिला दिवाळीला ही बाटली घरी न्यायची होती. पिंपांवरची तारीख चकत्या बदलण्याआधीची, म्हणजे तांब्याच्या वेळची आहे; बाबांनी वासावरून ओळखली तर त्यांचं त्यांनाच कळेल. "आणि नाही ओळखली तर," ती म्हणाली, "मग गाव म्हणतं ते खरं. पण एकदा कळू दे."

सत्तरीच्या माणसाचं नाक एका बाटलीवर तोललं जाणार होतं, आणि निकाल मला वीस वर्षांपासून माहीत होता. मग मी सांगितलं. चकत्या, फुली, तळहात, तंबाखू, सगळं क्रमाने. तिने चमचा खाली ठेवला. समोरचा ट्रे तिने उचलायला आलेल्या आजींकडे सरकवला.

"हे मी नाही सांगणार त्यांना," ती म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल पोरगी समजूत घालतेय. तुम्ही सांगा."

रविवारी सकाळी तिने फोन लावून माझ्या हातात दिला. मामांनी आवाज लगेच ओळखला. "कोण, साहेब?" मी पुन्हा सगळं सांगितलं.

"तो कागद मला वाचून दाखवला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, लवंग बघून तुमचा गैरसमज झाला असेल. घरीसुद्धा तसंच सांगत आलो. पोरगेला साहेब, चुकला."

"गैरसमज नव्हता, मामा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मी जे कबूल करत होतो त्यात त्यांच्याकडून काय काढून घेत होतो, ते मला तेव्हा समजलं. वीस वर्षं त्यांनी माझ्या अहवालाला एक चांगला अर्थ लावला होता.

"आणि वास?" त्यांनी विचारलं.

"होता."

"सुकल्यावर?"

"सुकल्यावर."

मग त्यांनी जुन्या चकत्यांचं काय झालं ते विचारलं. भंगारात गेल्या, मी म्हणालो. त्यांनी फोन बायकोकडे दिला. मुलगी वेळेवर जेवते का, हे काकूंनी मला विचारलं. मी हो म्हणालो. मला माफ केलं का हे मी विचारलं नाही, आणि मामांनीही तो विषय काढला नव्हता.

चकत्या आणि अहवालासकट खरं लिहिलेला कार्डाचा नवा मजकूर मी मॅनेजरला पाठवला. "यात व्हिस्की कुठे आहे?" तो म्हणाला. शेवटी त्याने जुनाच मजकूर ठेवला, 'काळाच्या ओघात'चं वाक्य तेवढं काढलं. आता कार्ड पिंपांपाशीच संपतं; डिस्टिलरी चालू आहे की बंद, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

दिवाळीहून परतल्यावर मुलगी मंडळात भेटली. मी रांग बदलली नाही. बाटली फोडलीच नाही, ती म्हणाली. बाबा म्हणाले, आता वास घेऊन काय बघायचं? कपाटात ठेवली आहे. पण फराळाला बसले आणि पहिल्या घासाला म्हणाले, चिवड्याचं तेल जुनं आहे. आई दिवसभर बोलली नाही त्यांच्याशी.

"आणि तेल?" मी विचारलं.

"जुनंच होतं," ती म्हणाली, आणि पोहे घ्यायला पुढे सरकली.