आखूड कांडी

बुधवारी सकाळी कांडीकाकूंनी माझी वही उघडली, दोन पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"शनिवारी तुम्हाला फार प्रसन्न वाटणार आहे म्हणे. अभिनंदन. आजचं काय?"

झालं होतं असं, की रोजची नोंद रोज लिहायची, हा नियम पन्नाशी उलटलेल्या मला जाचक वाटला. शाळेत मी महिन्याभराचं शुद्धलेखन एका बैठकीत उरकत असे. त्याच कर्तबगारीनं रविवारी दुपारीच सोमवार ते शनिवार लिहून मोकळा झालो. 'मन शांत. राग नाही.' खरं वाटावं म्हणून मध्ये एक दिवस 'किंचित राग, पण आवरला' असंही घातलं. आता ओशाळून ती पानं फाडायला गेलो, तर काकूंनी वहीवर हात ठेवला.

"फाडायचं नाही. तीही कांडीच. आखूड आहे, पण तुमची आहे."

काकू कोथरूडला आमच्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. माहेर मांजरी गावचं, घरचा ऊस, आणि नोकरीही उसाच्या प्रयोगशाळेत. त्या सांगायच्या, "उभ्या उसाकडे बघून कळतं, कुठल्या महिन्यात पाणी कमी पडलं. त्या महिन्याची कांडी आखूड राहते. मग कितीही पाणी द्या, ती काही लांब होत नाही. पुढची होते." हे इतक्यांदा सांगायच्या, की सगळे त्यांना तोंडावरच कांडीकाकू म्हणत. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये त्या रोज सकाळी सातला आम्हा पाच-सहा जणांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवायच्या. दहा मिनिटं डोळे मिटून, मग वहीत तीन ओळी.

मला तिथे बायकोनं धाडलं, ते आमच्या केतकीमुळे. केतकी नोकरीसाठी बंगळूरला. आईशी तासभर बोलायची, आणि फोन माझ्या हातात आला की "बरी आहे बाबा, ठेवते." तिनं नोकरी बदलली, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं, तेही तीन महिन्यांनी. तिचं लग्न ठरलं, हे मात्र आधी कळलं. कारण हॉल मला बघायचा होता. मी फणफणलो, "मला का सांगत नाही ही?" बायको मटार सोलता सोलता म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं, म्हणजे एक वाक्य बोलायचं आणि मग तुमचंच ऐकत बसायचं. तिला ऑफिस असतं."

ध्यानात मी पहिल्याच दिवशी घोरलो. काकू म्हणाल्या, "झोपा हो, हरकत नाही. पण वहीत झोप म्हणूनच लिहा. समाधी नको." मनात विचार फार येतात, अशी तक्रार केली, तर म्हणाल्या, "सोसायटीत दिवसभर डिलिव्हरीवाले येतात. दर बेलला आपण खाली धावतो का? आपलं पार्सल नसतं."

'शांत' हा शब्द त्यांनी बंद केला होता. "तो निकाल झाला. मला रीडिंग हवं. दात आवळले होते? खांदे कुठे होते?" म्हणून मी लिहू लागलो: 'केतकीचा फोन. तिच्या दुसऱ्या वाक्याला मी मध्ये बोललो. आवाज चढला. डाव्या हाताची मूठ.' असली निर्लज्ज पानं साठत गेली. एकदा न राहवून विचारलं, "काकू, प्रगती आहे म्हणायची का?"

"ऊस रोज उपटून मुळं बघितली, तर वाढेल का?"

चार-पाच महिन्यांनी मागची पानं चाळताना एक दिसलं. जिथे जिथे माझा आवाज चढला होता, तिथे आधीच्या ओळीत मी घाबरलेला होतो. ती एकटी आहे, फसेल, आजारी पडेल. जन्मभर मी स्वतःला तापट समजत आलो. त्यात एक रुबाबही होता. निघालो भित्रा.

हे काकूंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ वहीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी नोकरीभर उसाची रीडिंगं घेतली. घरात ह्यांचं एक घेतलं नाही. गेल्यावर कळलं, किती दिवस गप्प होते." आणि लगेच, "चला, दहा मिनिटं. डोळे मिटा."

पुढे काकूंचे गुडघे जिने चढेनात. बहिणीचं विश्रांतवाडीला तळमजल्यावर घर होतं, तिकडे जायचं ठरलं. कोथरूडकराला विश्रांतवाडी म्हणजे परगावच. निरोपाच्या सकाळी मी खिशातून कागद काढला, तर म्हणाल्या, "भाषण का? तेही आगाऊ लिहून आणलंत?" मी कागद परत खिशात घातला. टॅक्सीत बसताना मात्र त्यांनी माझा हात धरला. एरवी आमच्याहून पुणेरी बोलणाऱ्या काकूंच्या तोंडून त्या दिवशी मांजरीची बोली पहिल्यांदाच आली. "लिहीत ऱ्हावा. बरं हाय तुमचं."

त्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी केतकीचा फोन आला.

"बाबा, आई आहे?"

"भाजीला गेलीय. मोबाइल इथेच विसरलीय."

आता 'ठेवते' म्हणेल, असं वाटलं. मग, "बाबा, मी लग्नाला नाही म्हणतेय."

खांदे कानाला लागले. डावी मूठ. हॉल, पत्रिका, लोक काय म्हणतील, ही एकटी राहील... सगळ्या बेल्स एकदम वाजल्या. मी खुर्चीत बसून राहिलो.

"बाबा? आहात ना?"

"आहे. बोल."

ती बोलली. रडली, मध्येच स्वतःवर हसली, पुन्हा बोलली. शेवटी मी एवढंच विचारलं, "काही खाल्लंस का?" ती म्हणाली, "आता खाते."

लगेच वहीत लिहिलं: 'केतकी बोलली. मी मध्ये बोललो नाही. भीती खूप.' पानाचा फोटो काकूंना पाठवला. तासाभरानं उत्तर आलं: "वेळ लिहिली नाहीत."

संध्याकाळी केतकी आईशी बोलली. फोन संपेपर्यंत मी शाबासकीच्या आशेनं स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबांची तब्येत बरी आहे ना? अर्धा तास मध्ये एक शब्द बोलले नाहीत."

"मग तू काय म्हणालीस?"

बायकोनं गॅस बारीक केला. "म्हटलं, तब्येत बरी आहे. सवय व्हायला वेळ लागेल. तुलाही, मलाही."